त्रेचाळिसावा माणूस

अकोला
रविवार, १९ नोव्हेंबर १९६१

लीलाबाई,

नमस्कार. याला उत्तर द्यावं लागत नाही, म्हणून निःशंक घ्यावा.

तुमचं ऑक्टोबरचं पत्र सोबत परत करतो आहे. आठ दिवसांत परत करायचं असा नियम. मला बत्तीस दिवस लागले. नियम तुम्हाला तोंडपाठ आहेत, तरी मी ते पुन्हा लिहितो, कारण कालच उजळणी वर्ग आटोपला आणि हाताची उजळणीची सवय अजून सुटलेली नाही. मार्गदर्शक शिक्षकानं दर महिन्याला आपल्या जोडीदाराला एका विद्यार्थ्याची हकीकत लिहावी. नाव-गाव लिहू नये. जोडीदारानं उपदेश न करता समासात फक्त तीन प्रश्न लिहावेत आणि पत्र लिहिणाऱ्याकडे परत पाठवावं, म्हणजे कुणाच्या मनातला कागद परक्या घरात राहत नाही. मागच्या वर्षी अमरावतीच्या वर्गात मुंबईच्या साहेबांनी ही युक्ती काढली आणि चिठ्ठ्या टाकून माझी जोडी तुमच्याशी लावून दिली. 'जोडी' हा शब्द मी घरी अजून वापरलेला नाही. रुख्मिणीला मी 'सरकारी पत्रव्यवहार' असं सांगितलं आहे.

समासातली शाई फिकी उमटली, म्हणून प्रश्न इथे पुन्हा लिहितो. तुमची विद्यार्थिनी मॅट्रिकला बसली, सगळ्या विषयांत पास, गणितात तेहतीस. पुन्हा वर्गात बसली. सहामाहीत पुन्हा तेहतीस. पस्तीसला पास करतात हे तिला पक्कं ठाऊक, आणि बुद्धीच्या चाचणीत ती तुमच्या साऱ्या शाळेत पहिली. तुम्ही पेपर मागवून पाहिला, तर बरोबर आलेल्या उत्तरावर तिनं स्वतःच काट मारलेली. मग एका बुधवारी, तुमच्या मार्गदर्शनाच्या खोलीतल्या तासाला, ती म्हणाली की बाबांनी मॅट्रिकपर्यंत शिकवायचं कबूल केलं आहे आणि मॅट्रिक झाली की लग्न. म्हणून ती मॅट्रिक होत नाही.

माझा पहिला प्रश्न: वडिलांना हे कळलं तर ते रागावतील की दुखावतील? दुसरा: 'मला पुढं शिकायचं आहे' हे वाक्य तिनं घरी एकदा तरी म्हणून पाहिलं आहे का? तिसरा तुमच्यासाठी आहे: आता तुम्ही तिला गणित पास व्हायला शिकवणार, की इतक्या सफाईनं नापास व्हायला?

वर्ग चांगला झाला. आईंच्या आजारपणामुळे तुम्ही आला नाहीत, त्यामुळे मागच्या बाकावर मला कोपरानं ढोसायला कुणी नव्हतं. चाळीस मास्तर होते. साहेबांनी नवा शब्द आणला आहे, समुपदेशन. उपदेशाला 'सम्' चिकटवला म्हणून त्यातला उपदेश निघून जात नाही, असं मी म्हणालो. साहेब हसले, पण वहीत लिहूनही घेतलं. शेवटच्या दिवशी वीस मिनिटं मलाही बोलायला सांगितलं. काही उदाहरणं दिली. लोकांना आवडलं म्हणे.

आईंची तब्येत कळवा. तुमचं नोव्हेंबरचं पत्र अजून आलेलं नाही. नियमावर बोट ठेवायचा अधिकार मला नाही, तरी ठेवतो.

देवराव


अकोला
रविवार, ३ डिसेंबर १९६१

लीलाबाई,

तुमचं कार्ड मिळालं. इतकं कमी लिहिता येतं हे मला माहीत नव्हतं. 'मनकर्णेला तिचे वडील वसतिगृहातून घेऊन गेले. तुम्ही कोणाला सांगितलं?' उघड्या कार्डावर तुम्ही तिचं नाव लिहिलंत, म्हणजे आता झाकण्यासारखं काही उरलं नाही असंच तुम्हाला वाटतं आहे. मला तर तिचं नाव आज कळलं.

मी कुणालाही नाव सांगितलेलं नाही. वर्गात एक उदाहरण दिलं हे खरं. पण ते 'एका गावची एक मुलगी' इतकंच. अशा मुली वऱ्हाडात किती असतील. एखाद्या बापाला संशय यायला उदाहरणच लागतं असं नाही; सहामाहीचा निकाल पुरतो. शिवाय वसतिगृहात पंचवीस मुली राहतात. मनकर्णेनं त्यांतल्या एखादीजवळ मन मोकळं केलं नसेल कशावरून? मुलींच्या पोटात गोष्ट राहते हा अनुभव तुमचा असेल, माझा मुलांच्या शाळेचा आहे.

तुम्ही तिच्या गावी जाऊन या. वडील समजूतदार असतील. मॅट्रिकचा फॉर्म गेला आहे ना? मग मार्चपर्यंत अवधी आहे.

माझ्यावर रागावण्याआधी एकदा पूर्ण पत्र लिहा. कार्डावरचा राग पोस्टमनही वाचतो, आणि आमच्या पोस्टमनला वाचायला आवडतं.

देवराव


अकोला
रविवार, १७ डिसेंबर १९६१

लीलाबाई,

मागच्या पत्रात मी तुमच्याशी खोटं बोललो. हे वाक्य लिहायला मला चौदा दिवस लागले, म्हणून ते सगळ्यांत आधी लिहून टाकलं.

मनकर्णेचं नाव मला तुमच्या कार्डावरून कळलं नाही. ते मला वर्गातच, माझं भाषण संपल्यावर पाच मिनिटांत कळलं होतं.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी त्यातलं अर्धं पान मी माझ्या वहीत उतरवून घेतलं. पाठशाळेत आम्हाला सांगत, चांगलं वाक्य दिसलं की उतरवून घे आणि पाठ कर. कुणब्याच्या घरचं पोरगं संस्कृत शिकायला आलं म्हणून माझ्यावर सगळ्यांचं लक्ष असायचं. मी इतरांच्या दुप्पट उतरवायचो. ती सवय पन्नाशीला टेकलो तरी गेली नाही. तुमचं वाक्य होतं, 'ही मुलगी नापास होण्यातही पहिली आली आहे.' असं वाक्य हातचं सोडणं मला जमत नाही. म्हणजे बत्तिसाव्या दिवशी जे मी तुम्हाला परत केलं तो नुसता कागद होता. साहेबांनी पत्र परत करा असं सांगितलं होतं, उतरवून घेऊ नका असं सांगितलं नव्हतं. शिकलेल्या माणसाला तेही सांगावं लागेल असं त्यांच्या मनात आलं नसावं.

भाषणाच्या दिवशी माझ्या आधी तिघं बोलले. दुपारची वेळ, चाळीस माणसं जेवून बसलेली, आणि तिघांनीही तक्ते वाचून दाखवले. पुढच्या रांगेत एक जण झोपला होता. मला वाटलं, याला उठवावं. उठवला. नाव नाही, गाव नाही, इतकं मी पाळलं. पण नुसतं 'हुशार मुलगी' म्हटल्यानं कोण कान देतो? हुशारीला पुरावा हवा, आणि तो तुमच्या पत्रात तयार होता: वडील कापसाच्या बाजारात मापारी आहेत, आणि नवी वजनं सुरू झाल्यापासून सुटीत ही पोर त्यांच्या काट्याशेजारी उभी राहून शेतकऱ्यांना मणाचे किलो तोंडी करून देते, कागद न घेता. हे मी सांगितलं. हात करून, काट्याचा दांडा धरल्यासारखा करून सांगितलं. नाव झाकलं आणि चेहरा उघडा ठेवला.

लोक पोट धरून हसले. तुमच्या वाक्याला टाळ्या पडल्या. त्या मी उभ्या उभ्या घेतल्या.

चहाच्या वेळी चांदूर बाजारचे शिक्षक पंजाबराव माझ्याजवळ आले. म्हणाले, "देवरावजी, हे त आमच्या डोमाजी मापाऱ्याची मनकर्णा होय. दुसरी कोण राहीन?" इथे मी 'नाही' म्हणायला हवं होतं. खोटं झालं असतं, पण ते एकच खोटं कामाचं होतं. मी म्हणालो, नाव सांगायचं नसतं, पंजाबराव, आणि हसलो. तसं हसणं म्हणजे काय, ते पंजाबरावांनाही कळलं आणि मलाही.

परवा त्यांचं पत्र आलं. बिचाऱ्यानं माझं अभिनंदन केलं आहे. गोष्ट बाजारात सगळ्यांना फार आवडली, लिहितात. कुणी गाडी घेऊन आला की काट्यावर चढायच्या आधी डोमाजींना म्हणतो, "काटा पाहून लाव बाप्पा, तुह्या घरचा दोन मार्कानं झुकते." हंगामाचे दिवस आहेत, रोज शेकड्यांनी गाड्या लागतात. वीस वर्षं ज्याच्या मापावर कुणी बोट ठेवलं नाही, त्या माणसाला हे दिवसभर ऐकावं लागतं. आणि पंजाबरावांना ते गमतीचं वाटतं, कारण मी ती गोष्ट गमतीची म्हणूनच त्यांच्या हाती दिली.

डोमाजी आठव्या दिवशी अमरावतीला येऊन मुलीला घेऊन गेले, हे सगळं मग आपोआप बसतं. आणि मनकर्णा ही गोष्ट जगात एकट्या तुमच्याजवळ बोलली होती. तिनं काय समजावं?

मागच्या पत्रातलं माझं सगळ्यांत घाणेरडं वाक्य कोणतं ते मला ठाऊक आहे. पंचवीस मुलींवर घेतलेला संशय. ते मी ठरवून लिहिलं होतं. दोनदा कच्चं करून.

रुख्मिणीला काल सगळं सांगितलं, नाव सोडून. ती भाकरी थापत होती, थापत राहिली. म्हणाली, "नाव आता कायले लपवता? लपवाचं तवा लपवलं नाई." मी नाताळच्या सुटीनंतर चांदूर बाजारला जातो आहे. तुम्ही 'जाऊ नका' म्हणालात तर जाणार नाही.

देवराव


अमरावती
रविवार, ७ जानेवारी १९६२

लीलाबाई,

तुमच्याच गावातून लिहितो आहे. माझ्या भाच्याच्या घरी उतरलो आहे. सकाळी तुमच्या शाळेच्या फाटकापर्यंत आलो होतो. रविवार आहे हे माहीत होतं, म्हणूनच आलो. तुमचं 'जाऊ नका' आलं नाही, 'जा' ही आलं नाही, म्हणून काल जाऊन आलो.

डोमाजींना मी बाजाराबाहेर, बाजूला घेऊन भेटणार होतो. मनात वाक्यं बांधून नेली होती. ते काट्याजवळ उभे होते. उंच, वाळके, डोक्याला पांढरा पटका. मी माझं नाव सांगितलं, अकोल्याहून आलो म्हटलं, जरा तिकडे चला म्हटलं. ते म्हणाले, जे चारचौघात गेलं ते चारचौघातच सांगा. हात काट्यावरून काढला नाही.

म्हणून तिथेच बोललो. गाडीवाले, अडत्याचा मुनीम, हमाल, सगळे होते. म्हणालो, एका मुलीनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट माझ्यापर्यंत आली होती. ती मी हसवण्यासाठी लोकांत सांगितली. यात त्या मुलीचा दोष नाही, तिच्या बाईंचा नाही, घरच्यांचा तर नाहीच. दोष माझा आहे. सगळे ऐकत होते. आणि मग मागच्या गाडीवरचा एक म्हातारा, अचलपूरकडचा असावा, पहिल्यांदाच आलेला, त्यानं विचारलं, "कोनती गोष्ट होय, मास्तर?"

दोघं-तिघं हसले. एक जण त्याच्या कानाशी लागून सांगायलाही लागला. लीलाबाई, मी माफी मागायला गेलो आणि एक ऐकणारा वाढवून आलो.

डोमाजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. चालू माप पुरं केलं, चिठ्ठी दिली, काटा दुसऱ्याकडे सोपवला आणि मला घरी घेऊन गेले. घर बौद्धवाड्यात, बाजारापासून थोडंच लांब. ओट्यावर पोत्याची घडी टाकून मला बसवलं. मग बोलले, ते जसंच्या तसं लिहितो. इथे शब्द बदलायचा मला अधिकार नाही.

"मास्तर, मले मोजता येते. तोच माहा धंदा होय. पोरीनं बाईले सांगतलं, बाई एक. बाईनं तुमाले लिवलं, तुमी दोन. तुमी चाळीस मास्तरांले सांगतलं. म्हणजे माह्या पोरीच्या मनातली गोष्ट ऐकनारा मी त्रेचाळिसावा. बाप असून. बाजार त धरलाच नाई."

मी म्हणालो, ती तुम्हाला भ्याली. ते म्हणाले, "भ्याली असन. मी नाईच म्हटलं असतं, हेबी खरं हाय. पन मले नाई म्हनाची संधी त भेटली असती."

तुमच्या पत्राच्या समासात मी एक प्रश्न लिहिला होता, वडील रागावतील की दुखावतील. लिहिताना किती छान वाटला होता तो मला. उत्तर ओट्यावर माझ्यासमोर बसलं होतं आणि मला मान वर करवत नव्हती.

मग मी ज्यासाठी गेलो होतो ते काढलं. परीक्षेला बसू द्या, आणि लग्न एक-दोन वर्षं थांबवा, मुलगी तशी आहे. मी बोलायला बरा आहे हे तुम्ही जाणता. पाच मिनिटं दिली असती तर कदाचित पटवलंही असतं. त्यांनी हात वर केला. परीक्षेला बसू देतो म्हणाले. मॅट्रिकपर्यंत शिकवायचा शब्द दिला होता, तो मोडणार नाही. बडनेऱ्याचं स्थळ आहे, मुलगा रेल्वेत. लग्न वैशाखात, मॅट्रिक होवो की न होवो. "अन् याच्यावर तुमी एक शब्दबी बोलू नका, मास्तर. तुमचे शब्द झाले."

झाले. तुम्हाला कळतं आहे ना काय झालं ते? तिच्याकडे एकच युक्ती होती, ती दोन मार्कांची. तीही मी काढून घेतली. आता ती पास झाली तरी लग्न आणि नापास झाली तरी लग्न, आणि खरोखर एखादं गणित चुकलं तरी लोक म्हणणार मुद्दाम चुकवलं. तिची बाजू मांडू शकेल असा एखादा माणूस असतो. तो मी असू शकलो असतो, पण त्याच माणसाला तिच्या बापासमोर तोंड उरलं नाही. आणि तुम्ही गेलात तर तुमचंही ते ऐकणार नाहीत, कारण मोजणीत तुम्ही पहिल्या आहात.

मनकर्णा पाणी घेऊन बाहेर आली. डोमाजी म्हणाले, तिले सांगा आता. मी तिला सांगितलं की बाईंनी तुझी गोष्ट बाहेर केली नाही. आम्हा शिक्षकांचा एकमेकांना पत्रानं विचारायचा नियम आहे, त्या नियमानं त्यांनी ती मला नाव न घालता लिहिली. ती बाहेर मी केली. तिनं सगळं ऐकलं. रडली नाही. मग तिनं एकच विचारलं.

"लोक कोनत्या जागी हासले?"

लीलाबाई, मला सांगावं लागलं. बरोबर आलेल्या उत्तरावर काट मारली, त्या जागी. ती तांब्या उचलून आत गेली.

मी संध्याकाळच्या बसनं परत आलो. तुमच्या नावाचा तिनं उल्लेख केला नाही. हे मी तुमच्यापासून लपवणार होतो.

देवराव


अकोला
रविवार, २५ फेब्रुवारी १९६२

लीलाबाई,

तुमच्या चार ओळी निवडणुकीच्या कामात असताना मिळाल्या. मतपेट्यांच्या शेजारी बसून वाचल्या. कार्ड नव्हतं, पाकीट होतं, याचाच मला आधार वाटला. आत काय आहे ते नंतर वाचलं.

बुधवारी आता तुमच्या खोलीत एकही मुलगी येत नाही, लिहिता. तुम्ही दार उघडं ठेवून तास संपेपर्यंत बसता. मुली व्हरांड्यातून जाताना पलीकडच्या भिंतीच्या बाजूनं जातात. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, हा तास गणिताला द्यायचा का? मला चाळीस जणांनी टाळ्या दिल्या आणि त्यांचं मोल तुमच्या त्या खोलीनं चुकवलं. यावर मी काही थट्टा करू पाहिली, जमली नाही.

मी राजीनाम्याचा अर्ज लिहिला. संस्कृत शिकवीन, मार्गदर्शनाचं काम काढून घ्या. हेडमास्तरांनी तो वाचला आणि म्हणाले, "कारण?" वैयक्तिक, म्हणालो. ते म्हणाले, देवरावजी, खात्याकडून तुमची तारीफ आली आहे, पुढच्या वर्गाला तुम्हाला वक्ता म्हणून बोलावताहेत. असं वैयक्तिक काय झालं? आता सांगा, कारण सांगायचं म्हणजे गोष्ट सांगायची. चव्वेचाळिसावा कान समोर बसला होता, चष्मा पुसत. मी अर्ज परत घेतला. त्यांना वाटलं मी तारीफ ऐकून खूश झालो.

म्हणजे मला माझी चूक कबूलही करता येत नाही. केली की ती पुन्हा घडते. पूर्वी मला वाटायचं, लाज वाटली की माणसानं बोलून मोकळं व्हावं; विद्यार्थ्यांना मी वर्षानुवर्षं तेच सांगत आलो. हे मोकळं होणं दुसऱ्याच्या खर्चानं असतं तेव्हा काय करायचं, ते कुठल्याही वर्गात शिकवलेलं मला आठवत नाही.

मी काम सोडायला निघेन हे तुम्ही आधीच ओळखलंत; लिहिता, काम सोडू नका, पण मला पत्र लिहू नका. पहिलं ऐकतो. दुसरंही ऐकतो, हे पत्र सोडून. मनकर्णा परीक्षेला बसली का, एवढं कुणाकडून तरी मला कळेल. तुम्हाला त्रास देणार नाही.

वही मी जाळली नाही. जाळून मला बरं वाटलं असतं. तुमचं अर्धं पान फाडून या पाकिटात घातलं आहे. ते तुमचं आहे.

देवराव


अकोला
रविवार, १७ जून १९६२

लीलाबाई,

लिहू नका म्हणाला होतात. पावणेचार महिने लिहिलं नाही. आज लिहितो, कारण आज माझ्याजवळ जे आहे ते माझं नाही.

आधी वर्गाचं सांगतो. या खेपेला तो तुमच्या गावात झाला आणि तुम्ही आला नाहीत. साहेबांनी माझी ओळख करून देताना मागच्या दिवाळीच्या भाषणाची आठवण काढली. निम्मे चेहरे तेच होते. मी उभा राहिलो तेव्हाच ते हसण्याच्या तयारीत होते. मला ते वरून दिसतं. कुणीतरी मधूनच म्हणालं, आधी त्या तेहतीस मार्कांच्या पोरीचं पुढं काय झालं ते सांगा. पंजाबराव तिसऱ्या रांगेत होते. ते खाली पाहू लागले. त्यांनाही आता कळलेलं असावं.

मी म्हणालो, "ते मला सांगता येत नाही."

लोकांना वाटलं, ही सुरुवात आहे. आता काहीतरी मजेचं येईल. मग मी सांगितलं की आपल्याकडे कुणी येऊन बोललं तर ते त्याचं असतं. ते सुरेख असलं तर जास्तच त्याचं असतं. इतकंच मला या वर्षी शिकता आलं. आणि बसलो. वीस मिनिटांपैकी दोन झाली होती. उरलेल्यांत साहेबांनी चाचण्यांचे तक्ते भिंतीला लावले. चहाच्या वेळी माझ्याजवळ कुणी आलं नाही. एक तरुण शिक्षक दुसऱ्याला म्हणत होता, बुढा थकला वाटते. मी ऐकलं आणि मान हलवली.

आता तिचं. गावाला दिसतं तेवढंच लिहितो. लग्न वैशाखी पौर्णिमेला चांदूर बाजारला झालं. निकाल गेल्या आठवड्यात लागला; ती पास आहे, वरच्या वर्गात. हे दोन्ही तुम्हाला शाळेत कळलं असेलच. आता ती बडनेऱ्याला असते.

वर्ग आटोपून मी अकोल्याची गाडी धरायला बडनेऱ्याला आलो. गाडीला वेळ होता. फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसलो होतो. ती सासूबाईंबरोबर कुणाला तरी सोडायला आली होती. मला पाहून थांबली. मी उठून उभा राहिलो. दुसरं काय करावं ते सुचेना. ती निघून जाईल असं वाटलं होतं. ती सासूबाईंना काहीतरी सांगून माझ्याकडे आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

मग ती बोलली. दहा मिनिटं असतील, कदाचित जास्त. मी काही विचारलं नाही आणि तिचं बोलणं होईपर्यंत एकदाही तोंड उघडलं नाही, जे माझ्या बायकोलाही खरं वाटणार नाही. शेवटी ती म्हणाली, "गुरुजी, हे बाईंले बी नका सांगू."

तुम्ही विचाराल ती सुखात आहे का. विचाराल ती पुढं शिकणार आहे का, घरचे तिला शिकू देणार आहेत का, बापाशी बोलते का. आणि जे तुम्ही विचारणार नाही पण त्यासाठीच हे पत्र पुन्हा पुन्हा वाचाल, तेही मला ठाऊक आहे: तुमच्याबद्दल तिच्या मनात अजून काय आहे. या सगळ्याची उत्तरं माझ्याजवळ आहेत. त्यांतलं एकही मी इथे लिहिलेलं नाही. ओळींमधून शोधू नका, लपवूनही ठेवलेलं नाही. मी जपून बाहेर ठेवलं आहे. लिहिताना दोनदा हात तिकडे गेला. ते दोन कागद फाडून चुलीत घातले.

तुम्ही मला क्षमा करावी असं मी म्हणत नाही. जी गोष्ट पाळली नाही म्हणून तुम्ही माझ्यावर रागावलात ती तुमच्या बाबतीत मी आज पाळतो आहे, आणि तुम्हाला ती सगळ्यांत जास्त टोचणार आहे, इतकंच सांगतो.

गाडी येताना दिसली तेव्हा मी तिला विचारलं, तुझा पत्ता बाईंना देऊ का? इंजिन फलाटाला लागेपर्यंत ती रुळांकडे पाहत होती. मग माझ्याकडे कागद मागितला, पेन्सिल मागितली, मांडीवर ठेवून लिहिलं आणि घडी घालून माझ्या हातात दिलं. 'द्या' असं तोंडानं म्हणाली नाही.

चिठ्ठी सोबत आहे. मी ती उघडून वाचलेली नाही.

देवराव